१६३६ चा मुघल–आदिलशाही तह: शरणागती, वाटणी आणि शहाजीराजांचं कलम

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मे १६३६ मध्ये शाहजहान आणि विजापूरचा मुहम्मद आदिलशहा यांच्यात तह झाला. ती विजापूरची शरणागती होती का? असेल, तर हरलेल्या बाजूच्या पदरात पुणे, चाकण आणि कोकण एवढा मुलूख कसा पडला? आणि या तहाने शहाजीराजांना महाराष्ट्रातून हद्दपार केलं, असं जे सांगतात त्यात तथ्य किती?

आधी सरळ उत्तरं देतो. शरणागती कागदाच्या मायन्यात होती, मजकुरात फारशी नव्हती. मुलूख मिळाला, कारण हा तह मुळात तिसऱ्याच घरच्या, म्हणजे अहमदनगरच्या निजामशाहीच्या, मालमत्तेच्या वाटणीचा होता. शहाजीराजांबद्दल एक स्वतंत्र कलम होतं हे खरं. पण त्यात हद्दपारी नाही. त्यात सौदा आहे: किल्ले द्या आणि विजापूरची नोकरी घ्या.

आता सविस्तर.

कुठलाही तह वाचताना मी विद्यार्थ्यांना एक सवय लावतो. कलमं नंतर वाचा. तह झाला त्या दिवशी कोणता किल्ला कोणाच्या हातात होता, ते आधी कागदावर मांडा. मग पंचांग बघा, म्हणजे पावसाळा किती दूर होता. आणि तिसरं, ज्याच्याविषयी तह चाललाय पण जो बैठकीत नाही, तो कोण ते शोधा. १६३६ चा तह या तीन गोष्टींनी जेवढा उलगडतो तेवढा दरबारी बखरकारांच्या वर्णनाने उलगडत नाही. शाहजहानचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने 'पादशाहनामा'त या प्रकरणाचं बारीक वर्णन केलंय आणि आपली बहुतेक माहिती तिथूनच येते. पण तो बादशहाच्या पदरचा माणूस. त्याच्या लेखी विजापूरचा सुलतान हा 'आदिलखान', म्हणजे फार तर एक मोठा उमराव. त्याला 'शाह' म्हणायचंच नाही, हा मुघल दफ्तराचा जुना रिवाज. म्हणून त्याच्या पानांत सगळंच शरणागतीसारखं दिसतं. त्या भाषेचा पडदा बाजूला केला की खाली हिशेब दिसू लागतो.

मागची हकीकत थोडी लागेलच. निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर १६२६ मध्ये गेला आणि निजामशाहीचा कणा मोडला. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खन आणि गुजरातवर भयंकर दुष्काळ पडला. गावंच्या गावं ओस पडली. ही गोष्ट पुढच्या हिशेबात फार महत्त्वाची आहे, ती लक्षात असू द्या. जून १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांच्या हाती पडलं आणि तिथला लहान वयाचा हुसेन निजामशहा कैदेत ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गेला. कागदोपत्री निजामशाही तिथेच संपायला हवी होती. संपली नाही, कारण शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातला एक मुलगा, मुर्तजा, पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसवला आणि त्याच्या नावाने कारभार सुरू केला. जुन्नर, संगमनेर, नाशिक-त्र्यंबकपासून खाली कोकणापर्यंतचा पट्टा त्यांनी हाताशी धरला. विजापूरचा त्याला पाठिंबा होता. उत्तरेकडे मुघलांच्या आणि आपल्या मध्ये एक भिंत उभी राहावी, हा आदिलशाही दरबाराचा विचार होता, आणि तो चुकीचा नव्हता.

पण त्या दरबारातच दोन तट होते. कारभारी खवासखान आणि त्याचा उजवा हात मुरार जगदेव हे शहाजीराजांना बळ देणारे. मुस्तफाखान मुघलांशी जुळवून घ्यावं या मताचा. १६३५ मध्ये खवासखान आणि मुरार जगदेव दोघेही मारले गेले आणि मुस्तफाखानाचं पारडं जड झालं. १६३६ चा तह रणांगणावर ठरायच्या आधी अर्धा विजापूरच्या दरबारात ठरला होता, असं मला वाटतं. शहाजीराजांचा दरबारातला आधार तेव्हाच तुटला.

फेब्रुवारी १६३६ मध्ये शाहजहान स्वतः दौलताबादजवळ येऊन पोहोचला. बादशहा स्वतः दख्खनेत उतरतो तेव्हा त्याला रिकाम्या हाताने परत जाणं परवडत नाही. त्याच्या सोबतचा प्रचंड लवाजमा रोज खातो, आणि उत्तरेतली कामं अडून राहतात. त्याने दोन्ही सुलतानांकडे वकील पाठवले: विजापूरला मक्रमतखान, गोवळकोंड्याला अब्दुल लतीफ. मागे सुमारे ५०,००० ची फौज तीन तुकड्यांत सज्ज ठेवली. आणखी एक ८,००० ची तुकडी शायिस्ताखानाच्या हाताखाली निजामशाहीचे वायव्येकडचे किल्ले घ्यायला पाठवली. हो, हाच तो शायिस्ताखान. चोवीस वर्षांनी पुण्यात येऊन बसला तेव्हा हा मुलूख त्याला नवा नव्हता.

गोवळकोंड्याचा अब्दुल्ला कुतुबशहा लढलाच नाही. त्याने खुतब्यातून, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या प्रवचनातून, इराणच्या शहाचं नाव काढलं, नाण्यावर शाहजहानचं नाव घातलं आणि दरसाल २ लाख हून (होन, सोन्याचं नाणं) द्यायचं कबूल केलं. इराणच्या शहाचं नाव शाहजहानला का खुपत होतं, हे समजायला कंदाहारकडे बघावं लागतं. इराणचे सफवी आणि मुघल यांचं तिथलं भांडण जुनं. दख्खनेत शिया सुलतान इराणच्या नावाने शुक्रवारचा खुतबा वाचतात, ही दिल्ली-आग्र्याच्या दृष्टीने निव्वळ धार्मिक बाब नव्हती.

विजापूर मात्र लढलं. मुघल फौजा बीदर, सोलापूर आणि इंदापूर अशा तीन अंगांनी आत घुसल्या आणि त्यांनी मुलूख लुटत, जाळत नेला. विजापूरच्या लोकांनी शाहपूरच्या तलावाचा बांध फोडून पाणी सोडून दिलं, आसपासची वस्ती तटाच्या आत घेतली, आणि शत्रूला शहराभोवती ना दाणा मिळेल ना पाणी, अशी व्यवस्था केली. नुकत्याच दुष्काळातून उठलेल्या रयतेवर दोन्ही बाजूंनी हे संकट कोसळलं. मुघल सरदारांना राजधानीला वेढा घालता आला नाही. विजापूरला त्यांना हाकलता आलं नाही. आणि जून तोंडावर आलेला.

इथे मागच्या दोन घटना आठवायला हव्यात. १६३१ मध्ये मुघलांच्या आसफखानाने विजापूरला वेढा घातला होता आणि दाणागोटा संपल्यावर उठवून नेला होता. १६३४ मध्ये शाहजादा शुजा आणि महाबतखान यांनी परांड्याला वेढा घातला. तोही फसला, आणि त्याच वर्षी महाबतखान बऱ्हाणपुरात मेला. म्हणजे पाच वर्षांत दोनदा मोठ्या मोहिमा आपटल्या होत्या. तिसऱ्यांदा तसंच झालं असतं तर ते बादशहाच्या डोळ्यांदेखत झालं असतं. तहाची घाई दोन्ही बाजूंना होती, आणि मला विचाराल तर ती शाहजहानला थोडी जास्तच होती.

आता कलमं.

आदिलशहाने बादशहाचं वर्चस्व मान्य करायचं. निजामशाही संपली हे मान्य करायचं आणि तिचा मुलूख दोघांनी वाटून घ्यायचा. विजापूरने आपला पिढीजात मुलूख सगळा ठेवायचा. शिवाय निजामशाहीपैकी भीमा आणि सीना या नद्यांमधला सोलापूर-वांगीचा भाग सोलापूर व परांडा या किल्ल्यांसह, ईशान्येला भालकी आणि चिटगुप्पा हे परगणे, आणि पश्चिमेला निजामशाही कोकण, पुणे व चाकण. एकूण ५० परगणे, वसूल वर्षाला २० लाख हून, म्हणजे ८० लाख रुपये. या बदल्यात विजापूरने एकदाच २० लाख रुपये पेशकश (नजराणा) रोख आणि जिनसांत द्यायची. वार्षिक खंडणी नाही. गोवळकोंड्याच्या सरहद्दीला हात लावायचा नाही, भांडण झालंच तर बादशहाचा निवाडा घ्यायचा. एकमेकांचे सरदार फोडायचे नाहीत. हे वचन शाहजहानने स्वतःच्या आणि आपल्या मुलांच्या वतीने दिलं. आणि शहाजी भोसल्याने जुन्नर, त्र्यंबक आणि त्याच्याकडचे इतर किल्ले मुघलांच्या स्वाधीन केल्याशिवाय विजापूरने त्याला नोकरीत घ्यायचं नाही. किल्ले देत नसेल तर आपल्या मुलखात थारा द्यायचा नाही.

आदिलशहाने मुघल वकिलासमोर कुराणावर हात ठेवून शपथ घेतली. शाहजहानने आपल्या पंज्याचा ठसा उमटवलेलं पत्र पाठवलं आणि त्याबरोबर आपली रत्नजडित तसबीरही. आदिलशहानेच ती मागितली होती. बादशहाची तसबीर मागून घेणं म्हणजे 'मी तुमचा' असं म्हणणं. मायन्यातली शरणागती म्हणतो ती ही. दोन बरोबरीच्या राजांनी सह्या केलेला हा करार नाही. एकाने अर्ज केला आणि दुसऱ्याने मेहेरबानी केली, असा त्याचा थाट आहे.

पण आकडे मांडून बघा. हरलेल्या बाजूने २० लाख रुपये दिले आणि ८० लाख रुपये वार्षिक वसुलाचा मुलूख घेतला. चौथाई वर्षाच्या उत्पन्नात पन्नास परगणे! अशी शरणागती कोणालाही आवडेल. शेजारच्या गोवळकोंड्याला, ज्याने एक तीरही सोडला नव्हता, दरसाल २ लाख हून म्हणजे ८ लाख रुपये भरावे लागत होते. लढलेल्याला खंडणी माफ आणि न लढलेल्याला कायमची, हा तहाचा सगळ्यात बोलका भाग आहे.

मात्र ८० लाखांचा आकडाही जसाच्या तसा गिळू नका. तो कागदावरचा आकार आहे, मलिक अंबराच्या चांगल्या दिवसांतल्या जमाबंदीची आठवण. १६३६ मध्ये पुणे, चाकण, इंदापूर, सुपे या भागात दुष्काळ आणि सततच्या फौजा यांनी शेती मोडली होती. रयत परागंदा झालेली. त्या वर्षी तिथून चौथा हिस्सा जरी हाती लागला असता तरी पुष्कळ. मुघल कारभाऱ्यांना हे चांगलं कळत होतं. दौलताबादच्या आसपासचा, वऱ्हाड-खानदेशाला लागून असलेला मुलूख त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि डोंगराळ, उजाड पश्चिम विजापूरच्या गळ्यात घातली. गावात भाऊवाटणी होते तेव्हा विहिरीचं शेत थोरला घेतो आणि माळ धाकट्याला देऊन वर 'एकरं तुझीच जास्त' म्हणतो, तसला हा प्रकार.

सोलापूर आणि परांडा यांची गोष्ट वेगळी. परांडा तहाच्या कित्येक वर्षं आधीपासून विजापूरच्याच माणसांकडे होता. मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ मुरार जगदेवाने १६३२ मध्ये परांड्याहूनच विजापूरला नेली. मुघलांनी १६३४ मध्ये जे लढून मिळालं नाही, ते १६३६ मध्ये 'दिलं' असं लिहिलं. आणि सोलापूर हे तर निजामशाही-आदिलशाही यांच्यातलं शंभर वर्षांचं दुखणं. १५२४ मध्ये इस्माईल आदिलशहाची बहीण बुऱ्हाण निजामशहाला दिली तेव्हा सोलापूर आंदण म्हणून कबूल केलं आणि दिलं नाही. पुढे चांदबिबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं तेव्हा तेच सोलापूर उलट्या दिशेने आंदण गेलं. मलिक अंबराने ते भातवडीच्या लढाईनंतर पुन्हा घेतलं. एवढ्या लढाया आणि दोन लग्नं होऊनही न मिटलेला दावा या तहाने विजापूरच्या बाजूने निकालात निघाला. मुहम्मद आदिलशहाच्या दरबारात हा तह पराभव म्हणून नव्हे तर यश म्हणून का सांगितला गेला, ते यावरून समजतं.

आता पश्चिमेचा नकाशा जरा डोळ्यांसमोर आणा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. शहाजीराजांकडून मुघलांनी जे किल्ले मागितले आणि पुढे घेतले त्यांत जुन्नरचा शिवनेरी, त्र्यंबक, इगतपुरीजवळचा त्रिंगलवाडी आणि नाणेघाटाच्या डोक्यावरचा जीवधन आहेत. हे सगळे घाटमाथ्यावरचे पहारेकरी. कल्याण-सोपाऱ्याहून वर येणारा माल थळघाटाने नाशिककडे किंवा नाणेघाटाने जुन्नरकडे चढतो, आणि त्या चढाच्या शेवटी हे किल्ले उभे आहेत. मुघलांनी घाटाचा माथा घेतला आणि पायथा विजापूरला दिला. कोकण सांभाळायला लागणारी माणसं, होड्या, पावसाळ्यातले चार महिने, पोर्तुगीज शेजारी, हे सगळं विजापूरच्या माथी. वाटांची कुलुपं मुघलांकडे. मुघल घोडदळाला सह्याद्रीच्या खाली उतरायची हौस कधीच नव्हती. ही योजना त्यांच्या दृष्टीने शहाणपणाची होती.

फक्त तिच्यामुळे पुणे एका विचित्र जागी आलं. चाकण आदिलशाहीत, जुन्नर मुघलांकडे. मधलं अंतर साठेक किलोमीटर. विजापूर तिथून शेकडो मैल लांब. मुघल सुभ्याचं ठाणं दौलताबादला, तेही जवळ नाही. दोन मोठ्या सत्तांच्या अगदी कडेला, दोघांच्याही मुख्य फौजेपासून दूर, वसूल कमी म्हणून दोघांचंही लक्ष नसलेला असा हा पट्टा तयार झाला. पश्चिमेला लागून बारा मावळं. शिवाजीमहाराजांच्या सुरुवातीच्या हालचाली विजापूरने एवढी वर्षं का खपवून घेतल्या, याची पुष्कळ कारणं दिली जातात. माझ्या मते त्यातलं पहिलं कारण या नकाशात आहे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ज्या शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला तो किल्ला या व्यवस्थेने परमुलखात गेला, आणि त्यांच्या हयातीत तो स्वराज्यात कधीच आला नाही.

शहाजीराजांकडे वळू. ते निजामशाहीतून मुघलांकडे गेले होते, १६३२ मध्ये मुघलांना सोडून आले होते आणि त्यानंतर चार वर्षं त्यांनीच मुघलांना सगळ्यात जास्त त्रास दिला होता. शाहजहानच्या दृष्टीने निजामशाही म्हणजे तो पोरगा मुर्तजा नव्हे. निजामशाही म्हणजे शहाजी. म्हणून दोन राज्यांच्या तहात एका सरदारासाठी वेगळं कलम घालावं लागलं. असं कलम मध्ययुगीन तहांत क्वचितच पाहायला मिळतं, आणि ज्याच्याविषयी ते असतं त्याच्या वजनाचा तो उत्तम पुरावा असतो.

तह झाला तरी शहाजीराजे लढत राहिले. आता मात्र त्यांच्या मागे एकटे मुघल नव्हते. कालपर्यंत मित्र असलेल्या विजापूरचा रणदुल्लाखान आणि मुघलांचा खानजमान असे दोघे मिळून पाठलागावर निघाले. जुन्नरला वेढा पडला. पावसाळा संपता संपता शहाजीराजे मुर्तजाला घेऊन माहुलीच्या किल्ल्यावर अडकले. तिथून त्यांनी मुघल चाकरीत घ्या असा निरोप दिला, आणि उत्तर आलं की बादशहाचा हुकूम आहे, आदिलखानाशीच जुळवून घ्या. हा प्रसंग लाहोरीच सांगतो. हद्दपारीच्या कथेला हा एक प्रसंग पुरेसं उत्तर आहे: मुघलांना शहाजीराजे दख्खनेतून जायला नकोच होते असं नाही, पण त्यांना ते स्वतःच्या पदरी नको होते, आणि विजापूरला ते हवे होते. वर्षाअखेरीस माहुलीला सगळं आटोपलं. मुर्तजा मुघलांच्या स्वाधीन झाला आणि तोही ग्वाल्हेरला गेला. किल्ल्यांच्या किल्ल्या मुघलांकडे गेल्या. शहाजीराजे विजापूरचे सरदार झाले आणि पुणे, सुपे, चाकण, इंदापूर हा मुलूख त्यांच्या जहागिरीत राहिला.

मग ते बंगळूरला कसे गेले? तहामुळे नव्हे, तहानंतरच्या आदिलशाही धोरणामुळे. उत्तरेची सरहद्द बंद झाल्यावर विजापूरला वाढायला एकच दिशा उरली, दक्षिण. १६३७ नंतर रणदुल्लाखानाच्या मोहिमा इक्केरी, बसवापट्टण, बंगळूर अशा सरकत गेल्या आणि शहाजीराजे त्यांत आघाडीवर होते. बंगळूर १६३८ मध्ये केंपेगौडाकडून घेतलं आणि त्यांच्याकडे सोपवलं. पुण्याचा कारभार दादोजी कोंडदेव बघत होते. अनुभवी सरदाराला जिथे लढाई आहे तिथे पाठवायचं, ही कुठल्याही दरबाराची रीत. शिवाय मुघल सरहद्दीपासून तो लांब राहिला तर बरंच, असा विचार मुस्तफाखानासारख्यांनी केला नसेल असं मी म्हणणार नाही. पण तसं कलम तहात नाही. शिक्षा म्हणून कोणी कोणाला बंगळूरसारखी ठाणी देत नाही.

हा तह एकवीस वर्षं टिकला, आणि दख्खनेच्या मानाने हा फार मोठा काळ आहे. तो टिकला तो शपथेमुळे किंवा पंज्याच्या ठशामुळे नव्हे. दोघांना एकमेकांकडे पाठ करून दुसरीकडे जायचं होतं म्हणून टिकला. शाहजहान जुलै १६३६ मध्ये उत्तरेकडे निघाला आणि सतरा वर्षांचा औरंगजेब दख्खनचा सुभेदार झाला. १६३८ मध्ये कंदाहार मुघलांना मिळालं, १६४६-४७ मध्ये ते बल्ख-बदख्शानात अडकले, १६४९ मध्ये कंदाहार गेलं आणि ते परत मिळवण्यात पैसा आणि माणसं खर्ची पडली. तिकडे विजापूर आणि गोवळकोंडा मिळून विजयनगरच्या शेवटच्या नायकांचा मुलूख गिळत होते. जिंजी १६४८-४९ मध्ये विजापूरकडे आली. मुहम्मद आदिलशहाच्या काळात विजापूरचं राज्य जेवढं पसरलं तेवढं आधी कधी पसरलं नव्हतं. गोलघुमट याच सुलतानाची कबर आहे. १६३६ नंतर वाचलेला पैसा आणि दक्षिणेतून आलेली लूट कुठे गेली हे बघायचं असेल तर त्या घुमटाखाली उभं राहावं.

दक्षिणेतला मुलूख घेऊन झाला आणि तहाचा पायाच सरकला. विजापूर आता श्रीमंत दिसत होतं, आणि दुसऱ्यांदा दख्खनेत आलेल्या औरंगजेबाची तिजोरी रिकामी होती. सरदार न फोडण्याचं वचन शाहजहानने मुलांच्या वतीनेही दिलं होतं. औरंगजेब त्या मुलांपैकीच एक, आणि विजापूरचे सरदार फोडायला त्यानेच सुरुवात केली. नोव्हेंबर १६५६ मध्ये मुहम्मद आदिलशहा वारला. गादीवर बसलेला अली हा त्याचा खरा मुलगाच नाही, असं कारण पुढे करून औरंगजेबाने शाहजहानकडून स्वारीची परवानगी मिळवली. मार्च १६५७ मध्ये बीदर पडलं, पावसाळ्यात कल्याणीही पडली. मग नवा तह: बीदर, कल्याणी, परांडा आणि मोठी रक्कम, शिवाय १६३६ मध्ये दिलेलं निजामशाही कोकण परत. एकवीस वर्षांपूर्वी नकोसा वाटलेला माळ आता थोरल्याला हवा झाला होता.

तेवढ्यात शाहजहान आजारी पडल्याची बातमी आली आणि औरंगजेबाचे डोळे उत्तरेकडे लागले. याच वर्षाच्या एप्रिल-मेमध्ये शिवाजीमहाराजांनी जुन्नर रात्री तट चढून लुटलं होतं आणि ३ लाख होन व २०० घोडे नेले होते. म्हणजे १६३६ ची रेघ त्यांनी प्रथम उत्तरेकडे ओलांडली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी कल्याण-भिवंडी घेतली. त्या घटकेला कल्याण नेमकं कोणाचं होतं हे सांगणं अवघड आहे. ताबा विजापूरच्या माणसांचा, नव्या तहाप्रमाणे हक्क मुघलांचा, आणि मुघल ते ताब्यात घ्यायला येणार नाहीत हे उघड. महाराजांच्या वकिलांनी याच सुमारास औरंगजेबाकडे कोकणाची मागणीही केली होती. आधी ताबा, मग सनद.

'निजामशाही मुलूख' हा शब्द त्यानंतरही मेला नाही. शेवटचा निजामशहा मुर्तजा ग्वाल्हेरच्या कैदेत जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती, तरी जून १६६५ मध्ये पुरंदरच्या पायथ्याशी मिर्झा राजा जयसिंगाने २३ किल्ले मागताना आणि त्यांच्या खालचा ४ लाख होनांचा मुलूख घेताना हिशेब मांडला तो याच जुन्या वाटणीच्या भाषेत: निजामशाहीपैकी किती, आदिलशाहीपैकी किती. पुरंदरच्या तहाचा अभ्यास करणाऱ्याने म्हणूनच आधी १६३६ ची पन्नास परगण्यांची यादी समोर ठेवावी, आणि मग त्या २३ किल्ल्यांवर एकेक खूण करत जावं. त्यातले बरेचसे कोणत्या रेघेच्या कोणत्या बाजूला होते ते लगेच दिसेल.